न्यूयॉर्कला छोटं विमान घेऊन जायचंय, तर उतरायचं कुठं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी राहते पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरजवळ, आणि तिथल्या क्लबचं सेसना १७२, म्हणजे एका इंजिनाचं चार सीटचं छोटं विमान, उडवते. निम्मं सासर न्यू जर्सीत, मावसभाऊ एडिसनला, त्यामुळे न्यूयॉर्कच्या बाजूला वर्षातून सात-आठ चकरा होतातच. आणि नवीन लायसन्स मिळालेलं आपलं कोणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ताई, न्यूयॉर्कला जायचंय, कुठं उतरू? फोनवर तेच तेच सांगून घसा कोरडा पडला म्हणून एकदाचं लिहून काढलं. हे सगळं पिस्टनच्या छोट्या विमानांसाठी, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या खिशातून पेट्रोल भरणाऱ्यांसाठी आहे. जेटवाल्यांना सांगायला त्यांची माणसं असतात.

थेट जेएफकेला किंवा लागार्डियाला, शहराच्या मोठ्या विमानतळांवर, नेता येत नाही का?

येतं की. कायद्यानं बंदी नाहीये. जेएफकेला आणि लागार्डियाला आधी स्लॉट, म्हणजे ठरलेली वेळ, घ्यावा लागतो, फी सणसणीत लागते, आणि मग तुम्ही पुढे ७७७ आणि मागे ए३२१ अशा रांगेत ९० नॉटनं, म्हणजे ताशी १६७ किलोमीटरनं, डुगडुगत येता. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर लुना घातल्यासारखं. कंट्रोलर तुम्हाला 'स्पीड जमेल तेवढा ठेवा' म्हणणार आणि तुम्ही जीव मुठीत धरून फ्लॅप्स न सोडता रनवेपर्यंत येणार. काही लोक मध्यरात्रीच्या पुढे जाऊन लॉगबुकात तेवढी एक नोंद करून येतात, हौसेला मोल नाही, पण लग्नाला किंवा बारशाला वेळेवर पोचायचं असेल तर हा मार्ग नव्हे.

मग मॅनहॅटनला सगळ्यात जवळचं टेटरबरो, तिथंच का नाही उतरायचं?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कारण नकाशा उघडला की टेटरबरोच दिसतं. हडसन ओलांडली की न्यू जर्सीच्या बाजूला, मिडटाउनपासून जेमतेम बारा मैल. दोन रनवे, एक ७,००० फुटांचा, एक ६,००० च्या थोडा वर. नेवार्क-जेएफके-लागार्डिया चालवणारी पोर्ट अथॉरिटीच हेही चालवते. १५ जानेवारी २००९ ला पक्षी आदळून दोन्ही इंजिनं गेलेल्या त्या एअरबसला कंट्रोलरनं एक नंबरचा रनवे मोकळा करून दिला होता तो इथलाच, कॅप्टन सलनबर्गर म्हणाले जमणार नाही आणि विमान नदीत उतरवलं. म्हणजे जागा किती मोक्याची ते बघा.

पण टेटरबरो हे बिझनेस जेटचं गाव आहे. एक लाख पौंडांपेक्षा जड विमानाला तिथं परवानगी नाही, पण त्याच्या आतलं यच्चयावत सगळं तिथं येतं. तुमच्या पुढे गल्फस्ट्रीम, मागे ग्लोबल एक्सप्रेस, आणि पुढच्याच्या वेक टर्ब्युलन्ससाठी, म्हणजे त्यानं मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यांसाठी, तुम्हाला थांबवायचं की मागच्याला वेग कमी करायला सांगायचं हा टॉवरचा प्रश्न, आणि त्यात बळी नेहमी छोट्याचा जातो. वर नेवार्कला उतरणारी विमानं डोक्यावरून जात असतात म्हणून इथून निघताना जेटनासुद्धा सुरुवातीला १,५०० फुटांवर अडकवून ठेवतात. सहा नंबरच्या रनवेच्या आयएलएसवर, म्हणजे रनवेकडे नेणाऱ्या रेडिओ संकेतावर, येऊन मेटलाइफ स्टेडियमजवळून वळसा घेत एक नंबरच्या रनवेवर उतरायचं, हे तिथलं रोजचं काम, पण १५ मे २०१७ ला फिलाडेल्फियाहून आलेलं लिअरजेट हाच वळसा घेताना झोतदार वाऱ्यात कोसळलं, दोन्ही पायलट गेले. अनुभवी लोकांना जिथं घाम फुटतो तिथं आपण शंभर तासांच्या लॉगबुकवर कशाला नाक खुपसायचं.

मी एकदा गेलेय, इन्स्ट्रक्टरला बरोबर घेऊन. उतरायला काही त्रास झाला नाही, सगळे गोड बोलले. निघताना मात्र जेटच्या रांगेत एवढा वेळ उभी होते की सेसनाच्या काचेवर उन्हानं वाफ धरली आणि ऑइलच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला. तेव्हा जे कळलं तेच पुढे सगळीकडे कामाला आलं, की विमानतळ उतरताना कळत नाही, निघताना कळतो.

मग तुम्ही कुठं उतरता?

दोनच ठिकाणी, काल्डवेल नाहीतर लिंडेन. दोन्ही न्यू जर्सीत.

काल्डवेल म्हणजे एसेक्स काउंटीचा विमानतळ, फेअरफील्ड गावात. मोठा रनवे ४,५०० फुटांचा, दुसरा साडेतीन हजारांच्या वर, टॉवर आहे, क्लास डी, म्हणजे टॉवरशी बोलून शिरायचं आकाश. सगळं गाव छोट्या विमानांचं, फ्लाइट स्कूलची पोरं दिवसभर टच-अँड-गो (उतरून लगेच पुन्हा उडणं) करत असतात, त्यामुळे कंट्रोलरला तुमच्यासारख्यांची सवय आहे आणि तुम्ही अडखळलात तर कोणी खेकसत नाही. पश्चिमेकडून येताना क्लास ब्राव्होच्या, म्हणजे मोठ्या विमानतळांभोवतीच्या परवानगी लागणाऱ्या आकाशाच्या, छताखालून सरळ आत येता येतं. फक्त शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास जाल तर पॅटर्नमध्ये, म्हणजे रनवेभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, एवढी गर्दी की दादरच्या फुलबाजारात शिरल्यासारखं वाटतं. मी एकतर साडेआठच्या आत पोचते नाहीतर जेवणाच्या वेळेला.

लिंडेन माझं जास्त लाडकं, पण ते प्रत्येकाला झेपेल असं नाही. एकच रनवे, ४,१४० फूट, टॉवर नाही, सगळ्यांनी रेडिओवर आपापलं सांगत उतरायचं. नेवार्क अगदी शेजारी, त्यामुळे क्लास ब्राव्होचं छत इतकं खाली आहे की पॅटर्नच्या उंचीपेक्षा थोडं वर गेलात तरी नियम मोडला. आल्टिमीटरचं, म्हणजे उंचीमापकाचं, सेटिंग नेवार्कचं ताजं घ्यायचं, आधीच्या गावाचं नाही, शंभर फुटांची चूकसुद्धा इथं परवडत नाही. पूर्वेला रिफायनरीच्या टाक्या आणि चिमण्या, त्याच्या पलीकडे गोथल्स ब्रिज, हे दिसलं की समजायचं फार पुढे आलो, वळा. गंमत म्हणजे हा विमानतळ दुसऱ्या महायुद्धात बांधलेला, रस्त्यापलीकडे जनरल मोटर्सचा कारखाना होता तिथं नौदलासाठी वाइल्डकॅट लढाऊ विमानं बनत आणि इथून उडवून बघत. आता शेजारी मोठाल्या दुकानांची रांग आहे.

पण मला लिंडेन आवडायचं कारण हे काहीच नाही. विमान बांधलं, फाटकाबाहेर आले, की भाऊ गाडी घेऊन उभा असतो आणि वीसेक मिनिटांत आम्ही एडिसनच्या ओक ट्री रोडवर वडापाव खात असतो. ज्याचे नातेवाईक एडिसन-आयसेलिनला आहेत त्यानं टेटरबरोचं नावसुद्धा काढू नये, तिथून ट्रॅफिकमध्ये खाली यायला विमानापेक्षा जास्त वेळ जातो.

पण मला मॅनहॅटनलाच जायचंय. तिथून शहरात कसं पोचायचं?

इथंच सगळे फसतात. नकाशावर मैल मोजतात, आणि मैल कोणालाच मॅनहॅटनमध्ये नेत नाहीत, एकतर रेल्वे नेते नाहीतर लिंकन टनेलची रांग. टेटरबरोपासून बारा मैल खरे, पण शुक्रवारी संध्याकाळी त्या बारा मैलांना सव्वा तास लागला तर नवल नाही.

लिंडेनला रेल्वे स्टेशन आहे, विमानतळापासून टॅक्सीनं पाचएक मिनिटं, नॉर्थईस्ट कॉरिडॉरची गाडी पकडली की पाऊण तासाच्या आत पेन स्टेशन. मला विचाराल तर मिडटाउनला जायला हा सगळ्यात भरवशाचा रस्ता, आणि स्वस्तही. काल्डवेलला स्टेशन जवळ नाही, गाडीनं माँटक्लेअरच्या बाजूला जाऊन रेल्वे धरावी लागते, आणि शनिवार-रविवारी त्या लाइनीला गाड्या कमी, तेव्हा टाइमटेबल आधी बघा. वेस्टचेस्टरला, म्हणजे व्हाइट प्लेन्सला उतरलात तर स्टेशनपर्यंत टॅक्सी आणि मग मेट्रो-नॉर्थनं थेट ग्रँड सेंट्रल. ज्यांचं काम मॅनहॅटनच्या पूर्व बाजूला आहे त्यांना हे खरंच सोपं पडतं, लांब असूनसुद्धा.

एक हिशोब कागदावर करा, घरातून निघाल्यापासून ज्या दारात जायचंय त्या दारापर्यंत, आणि तसाच उलटा, परतीचा. बहुतेक वेळा उत्तर बदलतं. लँकेस्टरहून हवेतलं अंतर शंभरेक नॉटिकल मैल, तासभराचं उड्डाण, कुठेही उतरलं तरी पाच-सात मिनिटांचा फरक. बाकी सगळा वेळ जमिनीवर जातो.

क्वीन्स, लाँग आयलंड किंवा कनेटिकटच्या बाजूला जायचं असेल तर?

लाँग आयलंडला फार्मिंगडेलचं रिपब्लिक घ्या. ६,८०० फुटांचा रनवे, टॉवर, रेल्वे स्टेशन जवळ, न्यूयॉर्कला साधारण तासाभरात. गर्दी भरपूर, काल्डवेलइतकीच. अजून पूर्वेला मॅकआर्थर आहे, तिथं क्लास सी आणि एअरलाइनसुद्धा येतात, पण जागा ऐसपैस. कनेटिकटच्या बाजूला वेस्टचेस्टर, त्याबद्दल वर सांगितलंच, तिथंही एअरलाइन येतात, मध्यरात्रीपासून साडेसहापर्यंत उडू नका अशी विनंती असते, आणि खर्च जर्सीच्या छोट्या विमानतळांपेक्षा जास्त. मॉरिसटाउन मी मुद्दाम सोडलं, चांगला विमानतळ आहे, पण उन्हाळ्यात तिथली भानगड टीएफआरच्या (तात्पुरत्या उड्डाणबंदीच्या) प्रश्नात वाचा.

क्लास ब्राव्होमधून जायला परवानगी लागतेच का? फ्लाइट फॉलोइंग असलं तरी?

लागतेच. फ्लाइट फॉलोइंग म्हणजे कंट्रोलर रडारवर तुमच्यावर नजर ठेवतो एवढंच, ती परवानगी नव्हे. न्यूयॉर्कचा ब्राव्हो ७,००० फुटांपर्यंत आहे आणि तीन मोठ्या विमानतळांचे मिळून उलट्या लग्नाच्या केकसारखे थर, एकात एक घुसलेले. क्लास डी मध्ये टॉवरनं तुमचं कॉल साइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) घेऊन उत्तर दिलं की आत जायला हरकत नाही, ब्राव्होमध्ये तसं नाही. 'क्लिअर्ड इनटू द ब्राव्हो' हे शब्द कानावर पडले पाहिजेत. कंट्रोलरनं स्क्वॉक (रडारवर ओळखायचा नंबर) दिला, हेडिंग दिलं, अगदी गप्पा मारल्या, तरी ते शब्द नसतील तर विचारा. विचारायला लाज नको, लायसन्सवर डाग पडण्यापेक्षा ते बरं. माझ्या ओळखीतल्या एकानं 'रडार कॉन्टॅक्ट' (रडारवर दिसलात) म्हणजे परवानगी असं धरलं, आणि उतरल्यावर टॉवरनं जाब द्यायला फोन नंबर दिला.

आणि गर्दीच्या वेळी परवानगी मिळणार नाही असं धरूनच रस्ता आखा, म्हणजे छताखालून नाहीतर बाहेरून. मिळाली तर बोनस. या मोठ्या विमानतळांपासून ३० मैलांच्या आत ट्रान्सपॉन्डर आणि एडीएस-बी (आपली ओळख आणि जागा कळवणारी यंत्रं) दोन्ही चालू लागतं, २०२० पासून ते सक्तीचंच आहे.

हडसन नदीवरून परवानगीशिवाय उडता येतं म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि इथल्या उड्डाणातली ही सगळ्यात भारी गोष्ट आहे, पण डोकं ठिकाणावर ठेवून करायची. हडसनवर १,३०० फुटांच्या खाली ब्राव्होमधून कापलेली एक पट्टी आहे. त्यातून सरळ पलीकडे जाणाऱ्यांनी १,००० फुटांपासून वर पण १,३०० च्या खाली राहायचं, तिथंच घुटमळणाऱ्यांनी आणि हेलिकॉप्टरांनी हजाराच्या खाली. उत्तरेकडे जाताना पूर्व काठ, दक्षिणेकडे जाताना पश्चिम काठ, म्हणजे नेहमी आपल्या उजव्या बाजूला. वेग १४० नॉटपेक्षा जास्त नाही, ते आपल्याला तसंही जमत नाही. दिवे चालू, विभागाचा ताजा चार्ट विमानात, आणि रेडिओच्या १२३.०५ फ्रिक्वेन्सीवर ठरलेल्या ठिकाणी बोलायचं, अल्पाइन टॉवर, जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज, इंट्रेपिड, क्लॉक, स्टॅच्यू, व्हेराझानो. इंट्रेपिड म्हणजे ती विमानवाहू नौका, आता म्युझियम आहे, शेजारी काँकॉर्ड उभं असतं, वरून शोधायला सोपं.

पहिल्यांदा गेले तेव्हा काय आठवतं सांगू? उजव्या खिडकीत वन वर्ल्ड ट्रेड सेंटर होतं आणि ते वर होतं. त्याचं टोक १,७७६ फुटांवर, मी हजाराच्या थोडी वर. विमानात बसून इमारतीकडे मान वर करून बघायचं, हे मेंदूला पटतच नाही. मागे सासूबाई होत्या, त्यांनी डोळे मिटून 'शुभं करोति' सुरू केलं ते पूल गेल्यावरच थांबलं, आणि मला हेडसेटमध्ये ते आणि हेलिकॉप्टरवाल्यांचं बोलणं एकदम ऐकू येत होतं.

हे नियम आले कुठून तेही माहीत असावं. ८ ऑगस्ट २००९ ला टेटरबरोहून निघालेलं एक पायपर आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर हडसनवर एकमेकांवर आदळलं, नऊजण गेले. त्यानंतर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उंचीचे थर आणि बाकीचं सक्तीचं झालं. एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचा, एक ऑनलाइन कोर्स आहे, फुकट, तासाभराचा पण नाही, तो केल्याशिवाय जाऊ नका. ईस्ट रिव्हरचा विचार मात्र सोडाच. ती पट्टी पुढे लागार्डियापाशी बंद होते, गल्लीत शिरून गाडी वळवायची वेळ येते. ११ ऑक्टोबर २००६ ला यांकीजचा बेसबॉलपटू कोरी लिडल आणि त्याचा इन्स्ट्रक्टर तिथंच वळताना इमारतीवर आदळले. आता तिथं साध्या विमानाला कंट्रोलरच्या परवानगीशिवाय जाता येत नाही.

हडसन आणि विमानतळ एकत्र कसं बसवायचं? मी लिंडेनहून निघते, व्हेराझानोला आत शिरते, वर अल्पाइनपर्यंत जाते आणि तिथून पश्चिमेला घराकडे. येताना दमलेली असते, अनोळखी उतरणं समोर असतं, तेव्हा पर्यटन नको. आणि निघताना टाक्या, डोकं, हवा सगळं बघून ठरवता येतं, नाही जमलं तर सरळ घरी.

फी किती पडते?

ठराविक आकडा सांगत नाही, दरवर्षी बदलतात. पण प्रकार सांगते. लँडिंग फी विमानतळाची, रॅम्प किंवा हँडलिंग फी एफबीओची, म्हणजे तिथं पेट्रोल आणि पार्किंग बघणाऱ्या कंपनीची, रात्र काढलीत तर पार्किंग वेगळं. बऱ्याच एफबीओ अमुक गॅलन पेट्रोल घेतलं तर रॅम्प फी माफ करतात, म्हणून घरून निघताना टाक्या काठोकाठ भरून निघू नका, नाहीतर तिथं ओतायला जागाच उरत नाही आणि फी बसते. अर्थात त्यांचा भाव आपल्या गावापेक्षा गॅलनला दोन-दोन डॉलर जास्त असेल तर माफी महागात पडते, तोही हिशोब घरीच करा.

मी शिकले ते ठेच लागून. एका विमानतळावर, नाव नको, फोन न करता उतरले. पिवळं जॅकेट घातलेला पोरगा दोन पॅडल हलवत आला, लाल गालिचा अंथरला, खरंच अंथरला, चाकांना लाकडी ठोकळे लावले, थंड पाण्याच्या बाटल्या दिल्या. मी खूश. निघताना बिलावर त्या गालिच्याचंच भाडं असावं असा आकडा. नवरा म्हणाला, पाण्याची बाटली तरी बरोबर घे, फार महाग आहे ती.

तेव्हापासून आदल्या दिवशी फोन करते आणि सरळ विचारते, सिंगल इंजिन पिस्टन, चार तास थांबणार, सगळं धरून किती होईल आणि किती गॅलन घेतल्यावर काय माफ? नाव विचारून कागदावर लिहिते. काउंटरवर वाद झाला तर 'काल अमक्यानं असं सांगितलं' एवढं वाक्य पुरतं.

टीएफआरचं काय? अचानक लागतात ना?

लागतात. आणि न्यू जर्सीत उन्हाळ्यात फारच, कारण ट्रम्प यांचा गोल्फ क्लब बेडमिन्स्टरला आहे. ते आले की भोवती ३० मैलांचं वर्तुळ, आतलं १० मैलांचं वर्तुळ आपल्यासारख्यांना जवळजवळ बंदच. सॉमरसेट आणि सोलबर्ग हे दोन छान छोटे विमानतळ त्या आतल्या वर्तुळात सापडतात, बिचाऱ्यांचे कित्येक शनिवार-रविवार बुडतात. बाहेरच्या वर्तुळात फ्लाइट प्लॅन, वेगळा स्क्वॉक आणि सतत कंट्रोलरशी बोलणं असेल तर जाता येतं, पण गोल गोल फिरणं, टच-अँड-गो, असलं काही नाही. मॉरिसटाउन, काल्डवेल हे त्याच्या छायेत येतात, म्हणून पश्चिमेकडून येणाऱ्यांचा सरळ रस्ताच कापला जातो, उत्तरेकडून नाहीतर दक्षिणेकडून वळसा.

सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांची आमसभा भरते तेव्हा मॅनहॅटनभोवती असंच, हडसनची मजा त्या दिवसांत विसरा. फुटबॉल किंवा बेसबॉलचा सामना असला की मोठ्या स्टेडियमभोवती तीन मैल आणि ३,००० फूट, सामन्याच्या आधी तासभर ते नंतर तासभर. मेटलाइफ आणि यांकी स्टेडियम दोन्ही इथंच. नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) आदल्या रात्री बघायचे, सकाळी बघायचे, आणि परत निघताना पुन्हा बघायचे. तिसरं लोक विसरतात. पोचताना आकाश मोकळं होतं म्हणून जेवून आले, आणि तोवर वर्तुळ पडलेलं.

आयएफआर फाइल करावं की व्हीएफआरच बरं?

आयएफआर म्हणजे उपकरणांच्या आणि कंट्रोलरच्या क्लिअरन्सच्या भरवशावर उडणं, व्हीएफआर म्हणजे बाहेर बघून. हवा चांगली असेल तर व्हीएफआर आणि फ्लाइट फॉलोइंग, माझं सरळ मत. आयएफआर फाइल केलंत की जाताना तुम्हाला नकाशाभर फिरवतील, तेही चालेल, पण निघताना रिलीजची, म्हणजे उडायला सोडण्याची, वाट बघत बसावं लागतं. एका जागी मी इंजिन चालू ठेवून चाळीस मिनिटं उभी होते, इंजिनाचे तास मोजणारा हॉब्स मीटर पळतोय, क्लबचे पैसे जळतायत. लिंडेनसारख्या टॉवर नसलेल्या ठिकाणी क्लिअरन्स फोनवर घ्यायचा, त्याला वेळेची मुदत, तेवढ्यात उडाला नाहीत तर परत फोन.

जुलै २०२४ मध्ये नेवार्कच्या भागाचं अप्रोच कंट्रोल लाँग आयलंडहून फिलाडेल्फियाला हलवलं, आणि २८ एप्रिल २०२५ ला तिथलं रडार आणि रेडिओ दीडेक मिनिट बंद पडले, मग कित्येक दिवस नेवार्कची विमानं रखडली. मोठ्यांची रांग लागली की छोट्यांना कोण विचारतो. त्या दिवसांत ढगांखाली जागा असेल तर मी व्हीएफआरच निघायचे.

पण ढग खाली असतील, धुरकट असेल, तर व्हीएफआरचा हट्ट करायचा नाही. मग आयएफआर, नाहीतर दुसऱ्या दिवशी, नाहीतर सरळ गाडी. लँकेस्टरहून गाडीनं तीन तास लागतात, जग बुडत नाही.

परतायला रात्र झाली तर?

जॉन एफ. केनेडी ज्युनिअर १६ जुलै १९९९ ला याच काल्डवेलहून निघाले होते. शुक्रवार संध्याकाळ, ठरल्यापेक्षा उशीर होत होत चाक सुटलं ८ वाजून ३८ मिनिटांनी, धुरकट हवा, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (नुसत्या उपकरणांवर उडायची पात्रता) नाही, पुढे समुद्रावर क्षितिज हरवलं. बायको आणि मेव्हणीसकट तिघे गेले. त्या रनवेवर लाइन-अप झाले की दर वेळी मला ते आठवतं.

म्हणून मी सूर्यास्ताच्या दोन तास आधीचा अलार्म लावते आणि तो वाजला की ताटावरून उठते. काकू रागावतात, अगं आता तर पुरणपोळी वाढली. बांधून द्या म्हणते.

रनवे किती लांब असला म्हणजे पुरे?

१७२ ला वर सांगितलेला कुठलाही. काल्डवेलच्या उत्तरेला पाचेक मैलांवर लिंकन पार्क आहे, तो तीन हजारांच्या जरा आत आहे, तिथंही होतं, पण भर उन्हाळ्यात चौघं बसून नको. तसंही चार मोठी माणसं आणि भरलेल्या टाक्या हे १७२ मध्ये बसत नाही, कोणालातरी रेल्वेनं पाठवावं लागतं.

चुकून भलत्याच विमानतळावर उतरलो तर? हसू नका.

हसत नाही. काल्डवेल, लिंकन पार्क, मॉरिसटाउन, सगळे हाकेच्या अंतरावर, झाडी सारखीच, आणि सकाळचा सूर्य डोळ्यात. मोठमोठे चुकलेत, आणि आपल्याच मुंबईत चुकलेत. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं आणि छोटा रनवे संपल्यावर पुढे घुसलं. जुहू आणि सांताक्रूझ दोन-तीन किलोमीटरवर, रनवेची दिशा जवळपास तीच. म्हणून डोळ्यावर विश्वास ठेवू नका, जीपीएसवर रनवेची सेंटरलाइन टाका, होकायंत्राशी नंबर ताडून बघा, रनवेचा नंबर म्हणजे त्याच्या दिशेचे अंश भागिले दहा. काल्डवेलचा चार-बावीस, लिंकन पार्कचा एक-एकोणीस, तीस अंशांचा फरक आहे, नाकासमोर नंबर जुळत नसेल तर तो तुमचा नव्हे.

मुंबईत असं छोटं विमान घेऊन का जाता येत नाही?

जुहू आहे की, १९२८ चं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथंच उतरले होते. पण आता तिथं मुख्यतः हेलिकॉप्टर, आजूबाजूला इमारती, आणि भारतात प्रत्येक उड्डाणाला फ्लाइट प्लॅन आणि हवाई दलाकडून क्लिअरन्स नंबर लागतो. इथं मी सकाळी उठून आकाश बघून ठरवते, मामेभाऊ बारामतीला शिकलाय, त्याला हे सांगितलं की तो फोनच ठेवून देतो.

कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो, तिथं हेच लागू होतं का?

विचार तोच, नावं वेगळी. पालो आल्टो आणि सान कार्लोस ऑफिसांना जवळ, पण रनवे अडीच हजार फुटांच्या आसपास. सान होजेचं रीड-हिलव्ह्यू सोयीचं, पण काउंटीनं १ जानेवारी २०२२ पासून तिथं शिसं असलेलं १००एलएल पेट्रोल विकणं बंद केलं, तेव्हा आपल्या इंजिनाला तिथलं पेट्रोल चालतं का ते आधी बघा. परत निघायला पेट्रोल नाही म्हणजे पुन्हा तेच, विमानतळ निघताना कळतो.

रात्रभर विमान ठेवायचं असेल तर?

फोन करून टाय-डाउनची जागा पक्की करा, गणपतीच्या किंवा थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात जागा मिळेलच असं नाही. दोर स्वतःचे न्या, तिथले कधी कुजलेले असतात. पिटोला, म्हणजे वेग मोजणाऱ्या नळीला, कव्हर लावा, लिंडेनला गांधीलमाश्यांनी एका रात्रीत घर केलेलं मी बघितलंय, आणि कंट्रोल लॉक (सुकाणू हलू न देणारी खीळ) विसरू नका. सकाळी निघताना ते दोन्ही काढायलाही विसरू नका, मी कव्हरचा लाल पट्टा किल्लीच्या कडीला अडकवून ठेवते, म्हणजे पट्टा नाही तर किल्ली नाही.